फ्रेंचमधली स्वतंत्र कृदंत रचना: कर्ता वेगळा असेल तर वाक्य कसं बांधायचं?

(अर्धविराम, कर्ताकर्म, तळटीप आणि पोथीवाचक ही या चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं आहेत.)

अर्धविराम:

फ्रेंच मजकुरात वाक्याला एक तुकडा जोडलेला दिसतो. त्याला स्वतःचा कर्ता असतो, पण काळ-पुरुष दाखवणारं क्रियापद नसतं. ही तीन वाक्यं पाहा. फ्रेंच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलं आहे. 'झ' आणि 'आँ' नेहमीच्या फ्रेंच पद्धतीने वाचावेत.

ला न्युई तोंबे, इल राँत्रॅर. – रात्र पडल्यावर ते परतले.
ल दिरेक्तर एताँ आब्साँ, ला रेयुनियों ए रपॉर्ते. – संचालक गैरहजर असल्याने बैठक पुढे ढकलली आहे.
इल मार्शे, ले मँ दाँ ले पॉश. – तो खिशात हात घालून चालत होता.

व्याकरणाच्या एका पुस्तकात तिन्हींना एकच नाव दिलं आहे, दुसऱ्यात फक्त पहिल्या दोघांना. नावापेक्षा वापर कळणं जास्त गरजेचं आहे. पहिल्या वाक्यात नुसतं भूतकृदंत आहे, दुसऱ्यात 'एताँ' ('असणे' याचं वर्तमान कृदंत) आहे, आणि काही ठिकाणी 'एयाँ' ('आव्ह्वार', म्हणजे जवळ असणे, याचं वर्तमान कृदंत) दिसतं. यातलं कोणतं कधी घ्यायचं? आपल्या तुकड्याचा कर्ता मुख्य वाक्यात पुन्हा आला तर चालतो का? मराठीत 'घालून', 'पडून', 'तुटून' म्हणतो त्या प्रत्येक जागी 'आँ' लावलेलं रूप, म्हणजे झेराँदीफ, का चालत नाही? आणि लिंगवचन कुठे जुळवायचं, कुठे नाही?

कर्ताकर्म:

नावाचा घोळ आधी मिटवू. पहिली दोन वाक्यं म्हणजे 'प्रोपोझिस्यों पार्तिसिपियाल', कृदंतावर उभं असलेलं गौण वाक्य. तिसऱ्यात कृदंतसुद्धा नाही, नुसतं नाम आणि त्याची स्थिती आहे. 'कोंस्त्र्युक्स्यों आब्सॉल्यु' (स्वतंत्र रचना) हे नाव कुणी तिघांना देतं, कुणी फक्त तिसऱ्याला. शब्दकोशात क्रियापदापुढे 'आँप्लवा आब्सॉल्यु' लिहिलेलं असतं त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. तिथे सकर्मक क्रियापद कर्माशिवाय वापरलं आहे एवढंच म्हणायचं असतं, जसं 'इल ब्वा', म्हणजे तो (दारू) पितो.

संस्कृत शिकला असाल तर सति सप्तमी डोळ्यांपुढे आणा: 'सूर्येऽस्तं गते'. तिथे कर्ता आणि कृदंत दोन्ही सप्तमीत असतात, त्यामुळे हा तुकडा मुख्य वाक्याबाहेरचा आहे हे लगेच कळतं. लॅटिनमध्येही हे काम विभक्तीच करते. फ्रेंचमध्ये नामाच्या विभक्ती उरल्या नाहीत, म्हणून खूण राहिली ती फक्त शब्दक्रमाची आणि स्वल्पविरामाची. तुकडा संपल्यावरचा स्वल्पविराम टाळता येत नाही. तुकड्याच्या आत मात्र, कर्ता आणि कृदंत यांच्यामध्ये, स्वल्पविराम घालायचा नाही. 'ला न्युई' नंतर एक आणि 'तोंबे' नंतर एक असे दोन स्वल्पविराम घातले की 'ला न्युई' लोंबकळत राहते आणि वाचणारा तिचं क्रियापद शोधत बसतो. तुकड्यापुढे पूर्णविराम देणं त्याहून वाईट, कारण हा तुकडा एकटा उभा राहू शकत नाही.

आता नुसतं भूतकृदंत कधी घ्यायचं. कर्त्यापुढे 'ए' (आहे) लावून पाहा. वाक्य बनलं आणि 'एक गोष्ट पूर्ण होऊन नवी स्थिती आली' असा अर्थ निघाला, तर 'ए' काढून टाकता येतं.

'ला न्युई ए तोंबे' बनतं. म्हणून 'ला न्युई तोंबे' चालतं.
'ल रपा ए तेर्मिने' (जेवण संपलं आहे) बनतं. म्हणून 'ल रपा तेर्मिने, ओं स लव्हा' (जेवण संपल्यावर सगळे उठले) चालतं.
'ल शियँ ए आब्वाये' (कुत्रा भुंकलेला आहे) बनतच नाही, कारण 'भुंकणे' हे क्रियापद सहायक म्हणून 'आव्ह्वार' घेतं आणि ते अकर्मक आहे. इथे 'एयाँ' लागणारच: 'ल शियँ एयाँ आब्वाये, ल बेबे स रेव्हेया' – कुत्रा भुंकल्यामुळे बाळ जागं झालं.

कसोटीचा दुसरा भाग विसरू नका. 'पोल ए तेमे', म्हणजे पोलवर लोकांचं प्रेम आहे, हे वाक्य व्याकरणात बसतं, पण त्यात काही पूर्ण होत नाही. म्हणून 'पोल एमे,' असा तुकडा करता येत नाही. एमे (प्रेम करणे), देतेस्ते (तिटकारा असणे) अशा चालू राहणाऱ्या भावनांच्या क्रियापदांना हा साचा मानवत नाही. 'ला नूव्हेल कॉन्यु' (बातमी कळल्यावर) मात्र चालतं, कारण बातमी कळण्याचा एक ठरावीक क्षण असतो.

एकच दार तीन तऱ्हांनी:

ला पॉर्त उव्हेर्त, इल आँत्रा. – दार उघडल्यावर तो आत गेला. आधी एक, मग दुसरं.
ला पॉर्त एताँ उव्हेर्त, इल आँत्रा. – दार उघडंच होतं, म्हणून तो आत गेला. स्थिती आणि कारण.
ला पॉर्त एयाँ एते उव्हेर्त, ल फ्र्वा आँत्रा. – दार उघडलं गेल्यामुळे थंडी आत शिरली. आधीची घटना आणि तिचा परिणाम.

साधारण कल असा की नुसतं भूतकृदंत वेळ सांगतं आणि 'एताँ / एयाँ' कारण सांगतं. हा कल आहे, कायदा नव्हे. वेळच सांगायची आहे हे पक्कं करायचं असेल तर आधी 'युन फ्वा' (एकदा का) लावा: 'युन फ्वा ला पॉर्त उव्हेर्त'. ताबडतोबपणा हवा असेल तर 'सितो' किंवा 'आ पेन': 'आ पेन ल रिदो लव्हे, ले कोंव्हेर्सास्यों सेसॅर', म्हणजे पडदा वर जातो न जातो तोच बोलणी थांबली. अटही याच साच्यातून सांगता येते, फक्त मुख्य क्रियापद संकेतार्थात न्यायचं: 'सेत क्लोझ स्युप्रिमे, ल कोंत्रा सरे न्युल', हे कलम काढलं तर करार रद्दबातल ठरेल. 'असं असूनही' हा अर्थ हवा असेल तर 'मॅम' लावल्याशिवाय तो पोचत नाही: 'मॅम ला लाँप एतँत, ओंनी व्ह्वाये क्लॅर', दिवा विझला तरी स्वच्छ दिसत होतं.

कर्त्याबद्दल. या तुकड्यात 'झ, त्यु, इल, एल' ही सर्वनामं कर्ता होऊ शकत नाहीत. ती फक्त काळ-पुरुष दाखवणाऱ्या क्रियापदालाच चिकटतात, आणि इथे तसं क्रियापद नाही. म्हणून 'म्वा, लुई, सला' अशी जोरकस रूपं घ्यायची: 'लुई पार्ती, तू स कालमा', म्हणजे तो गेल्यावर सगळं शांत झालं.

आणि पुनरावृत्ती. तुकड्याचा कर्ता हाच मुख्य वाक्याचाही कर्ता असेल तर हा साचा वापरू नये. 'ल प्रोफेसर एताँ आरिव्हे, इल कॉमाँसा ला लसों' हे वाक्य अवघडलेलं आहे. 'इल' म्हणजे प्राध्यापकच का दुसरा कुणी, असा प्रश्न पडतो. सरळ लिहा: 'एताँ आरिव्हे, ल प्रोफेसर कॉमाँसा ला लसों'. कर्म म्हणून परत आला तर मात्र काही बिघडत नाही. 'ला लेत्र एक्रीत, इल ला काश्ता', पत्र लिहून झाल्यावर त्याने ते बंद केलं. 'कर्त्याने मुख्य वाक्यात कोणतंही काम करू नये' असा कडक नियम काही पुस्तकांत दिसतो, पण प्रत्यक्ष लेखनात हे 'ला' सर्रास येतं आणि खटकत नाही.

नकार असेल तर 'एताँ / एयाँ' सोडू नका. 'ल त्रँ नेताँ पाझारिव्हे' (गाडी आली नसल्याने), 'पेर्सॉन नेयाँ रेपोंद्यु, इल रपार्ती' (कुणीच उत्तर न दिल्याने तो परत गेला). दोन्हीत 'न' कृदंताच्या आधी येतो. दुसऱ्यात 'पा' येत नाही, कारण 'पेर्सॉन' नेच नकार पूर्ण केला आहे.

तळटीप:

झेराँदीफचा प्रश्न मराठी माणसाला जास्त छळतो. त्याचं कारण आपल्या 'ऊन' मध्ये आहे, म्हणून त्याच बाजूने सांगतो.

'तो जेवून झोपला' यात दोन्ही क्रियांचा कर्ता एक आहे. शाळेत 'ऊन' चा नियमही असाच शिकवतात. पण आपण 'दोर तुटून पूल कोसळला', 'पाऊस पडून चिखल झाला' असंही बिनदिक्कत म्हणतो. तुटतो दोर, कोसळतो पूल. मराठीला हे चालतं, कारण पहिली क्रिया दुसरीचं कारण आहे आणि तिचा कर्ता तिथेच शेजारी बसला आहे. फ्रेंच झेराँदीफला स्वतःचा कर्ता घेताच येत नाही. तो मुख्य क्रियापदाच्या कर्त्यावर जगतो. म्हणून 'आँ कासाँ ला कॉर्द, ल पों सेफोंद्रा' असं लिहिलं की अर्थ होतो, पुलाने दोर तोडला आणि तो कोसळला. बरोबर वाक्य: 'ला कॉर्द एयाँ कासे, ल पों सेफोंद्रा'.

लिहिताना हे करून पाहा. मनातलं मराठी वाक्य 'ऊन' ऐवजी 'ल्यावर' किंवा 'ल्यामुळे' लावून म्हणा. 'दोर तुटल्यामुळे पूल कोसळला': इथे दोन कर्ते उघडे दिसतात, मग स्वतंत्र कृदंत घ्या. कर्ता एकच निघाला तर झेराँदीफ किंवा साधं कृदंत.

'लापेती व्हियँ आँ माँझाँ' ही म्हण कुणीतरी पुढे करेलच: खाता खाता भूक वाढते. खाणारी काही भूक नव्हे, म्हणजे नियम मोडला. म्हणी जुन्या मोकळ्या वापरातून आल्या आहेत आणि तशाच गोठल्या आहेत. त्यांच्या आधारावर नवी वाक्यं रचू नका.

पत्राच्या शेवटी हीच चूक फ्रेंच लोकही करतात. 'दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस, व्हये आग्रेए…' यात वाट पाहणारा मी आणि 'व्हये' चा कर्ता तुम्ही. तुमच्या उत्तराची वाट तुम्हीच पाहताय असा अर्थ होतो. हे कृदंत नाही, पण दुखणं तेच. 'दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस, झ व्हू प्री दाग्रेए…' लिहिलं की 'झ' दोन्हीकडे बसतो.

आता 'ले मँ दाँ ले पॉश'. यातसुद्धा आपण 'घालून' मुळे घसरतो. 'खिशात हात घालून' चं 'आँ मेताँ ले मँ दाँ ले पॉश' केलं तर ती हात घालण्याची क्रिया चालू आहे असं होतं, म्हणजे माणूस चालतोय आणि चालता चालता हात खिशात घालतोय. मराठीतलं 'घालून' इथे क्रिया सांगत नाही, स्थिती सांगतं. फ्रेंच ती स्थिती क्रियापदाशिवाय सांगतं. तसंच 'डोळे मिटून ऐकत होता': 'इल एकूते, लेझ्यो फेर्मे'. 'आँ फेर्माँ लेझ्यो' म्हणजे डोळे मिटता मिटता.

या साच्यात लक्ष ठेवण्याच्या गोष्टी:

अवयवापुढे 'त्याचे, तिचे' येत नाही. 'से मँ' नाही, 'ले मँ'. कुणाचे हात ते मुख्य कर्त्यावरून कळतं. वस्तू असेल तर मोकळीक आहे: 'अँ लीव्र सू ल ब्रा' (काखेत एक पुस्तक), 'सा व्हालीझ आ ला मँ' (हातात आपली बॅग).

'आव्हेक' (सह) ची गरज नाही. घातलं तर चूक होत नाही, पण अवयवांच्या बाबतीत वाक्य जड होतं.

विशेषण नामानंतरच येतं, कारण ते इथे विधान करतंय: 'ला बूश प्लेन', 'ला तॅत बास'. नामाआधी येणारं विशेषणही इथे मागे जातं.

वचन फ्रेंच पद्धतीने मोजा. आपण 'ते सगळे माना खाली घालून चालत होते' म्हणतो, अनेक माणसं म्हणून अनेक माना. फ्रेंचमध्ये प्रत्येकाला एकच डोकं, म्हणून 'इल मार्शे, ला तॅत बास' एकवचनातच. हात-डोळे मात्र अनेकवचनात, कारण प्रत्येकाला दोन.

स्वल्पविराम इथे अर्थावर अवलंबून असतो. 'न पार्ल पा ला बूश प्लेन' (तोंडात घास असताना बोलू नकोस) यात स्वल्पविराम घालून चालणार नाही, कारण मनाई बोलण्याला नसून तशा स्थितीत बोलण्याला आहे. 'इल मार्शे, ले मँ दाँ ले पॉश' यात हातांचं वर्णन वरून जोडलेलं आहे, म्हणून स्वल्पविराम शोभतो.

'बूश बे' (आ वासून) सारखे काही तुकडे उपपदाशिवाय गोठले आहेत. माणसं कितीही असोत, 'इल रेस्तॅर बूश बे' यात बदल होत नाही.

अर्धविराम:

'ऊन' आणि 'ल्यामुळे' ची कसोटी उपयोगी आहे. लिंगवचनाबद्दल आणखी हवं होतं. 'एताँ दॉने', 'व्ह्यु', 'ई कोंप्री', 'सी-ज्वँ' हे शब्द कधी बदलतात, कधी तसेच राहतात. आणि 'तूत्झाफेर सेसाँत' मध्ये वर्तमान कृदंताला शेवटी 'त' कसा ऐकू येतो? ते तर कधीच बदलत नाही ना?

पोथीवाचक:

शेवटून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं.

वर्तमान कृदंत आज बदलत नाही हे खरं. पण ही शिस्त १६७९ सालची आहे. त्या वर्षी फ्रेंच अकादमीने वर्तमान कृदंताला लिंगवचन लावायचं नाही असं ठरवलं. त्याआधीच्या वापरात ते नामाप्रमाणे बदलत असे, आणि कायद्या-दरबाराच्या भाषेत रुळलेले काही तुकडे तसेच मागे राहिले. 'तूत्झाफेर सेसाँत', म्हणजे बाकी सगळी कामं थांबवून, तातडीने. 'सेआँस तनाँत', शब्दशः बैठक चालू असतानाच, आणि आज अर्थ 'तिथल्या तिथे'. दोन्हींत नाम स्त्रीलिंगी आहे आणि कृदंत त्याच्याशी जुळलेलं आहे. दोन्ही मुळात स्वतंत्र कृदंत रचनाच आहेत. आज नवीन तुकडा करताना हे करायचं नाही. स्त्रीलिंगी नाम असलं तरी 'एताँ' आणि 'एयाँ' जसेच्या तसे.

दुसरा अवशेष आणखी खोलवर दडलेला आहे. 'द्युराँ' आणि 'पाँदाँ' ही आजची अव्ययं एके काळी या साच्यातली कृदंतं होती. 'सा व्ही द्युराँ', आयुष्यभर, यात जुना क्रम अजून दिसतो: आधी कर्ता, मग 'टिकत असताना'. पुढे कृदंत नामाच्या आधी आलं, त्याचं क्रियापदपण झिजलं, आणि ते निव्वळ अव्यय झालं. 'नोनॉब्स्ताँ' आणि 'म्वाय्येनाँ' यांचीही हीच कथा.

लिंगवचनाचं सूत्र इथेच सापडतं. कृदंत नामाच्या आधी आलं की अव्ययासारखं वागतं, म्हणून बदलत नाही. नामानंतर आलं की अजून कृदंतच असतं, म्हणून जुळतं.

ई कोंप्री ला ताक्स – करासहित. बदल नाही.
ला ताक्स कोंप्रीझ – कर धरून. नामानंतर आलं, म्हणून शेवटचा 'झ' ऐकू येतो.

'व्ह्यु' (लक्षात घेता) नेहमी आधीच येतो, म्हणून कधीच बदलत नाही: 'व्ह्यु ले सिर्कोंस्ताँस'. 'एक्सेप्ते' (वगळता) आधी आला तर जसाच्या तसा, नंतर आला तर लिखाणात लिंगवचन लागतं, जरी उच्चारात फरक पडत नाही. 'कोंत तन्यु द' (विचारात घेता) मध्ये कृदंत 'कोंत' या पुल्लिंगी नामाशी आधीच जुळलेलं आहे. पुढे 'द' नंतर काहीही येवो, त्याला हात लावू नका. ही चूक फार दिसते: पुढचं नाम स्त्रीलिंगी म्हणून 'तन्यु' ला एक मुकं अक्षर जोडलं जातं.

'एताँ दॉने' (हे पाहता) बाबत दोन्ही मान्य आहेत. नामाआधी आला तरी जुळवलेला चालतो आणि न जुळवलेलाही. न जुळवलेला जास्त दिसतो, तोच घ्या आणि पूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवा. 'एताँ दॉने क' या रूपात मात्र पुढे नाम नसून वाक्य आहे, तिथे जुळणीचा प्रश्नच येत नाही.

'सी-ज्वँ' (सोबत जोडलेलं) पत्रव्यवहारात रोज लागतं, म्हणून नीट पाहा. वाक्याच्या सुरुवातीला: 'सी-ज्वँ ला कॉपी', बदल नाही. वाक्यात मध्ये, पण नामापुढे उपपद नसताना: 'व्हू त्रूव्हरे सी-ज्वँ कॉपी द…', बदल नाही. मध्ये आणि नामापुढे उपपद असताना: दोन्ही चालतात. नामानंतर: 'ला कॉपी सी-ज्वँत', जुळणी हवीच, आणि इथे 'त' स्पष्ट ऐकू येतो.

उरलेला, मुख्य साच्यातला नियम सोपा आहे. नुसतं भूतकृदंत असो की 'एताँ' बरोबर असो, ते तुकड्याच्या आपल्या कर्त्याशी जुळतं, मुख्य वाक्याच्या कर्त्याशी नाही. 'एयाँ' बरोबर असेल तर 'आव्ह्वार' चा नेहमीचा नियम: आधी आलेल्या कर्माशी जुळतं, कर्त्याशी नाही (वरच्या 'एयाँ एते उव्हेर्त' सारखं 'एयाँ एते' असेल तर मात्र कर्त्याशीच). अडचण एवढीच की '-ए' ने संपणाऱ्या कृदंतात जुळणी कानाला कळत नाही, आणि लिहिताना राहून जाते. एक पक्की युक्ती: लिहिलेल्या कृदंताच्या जागी क्षणभर 'फे / फेत', 'प्री / प्रीझ' किंवा 'मी / मीझ' पैकी एक ठेवून म्हणून पाहा. 'ला देसिझ्यों प्रीझ' मध्ये 'झ' आपोआप तोंडात येतो. मग 'ला देसिझ्यों आनोंसे' लिहिताना शेवटी स्त्रीलिंगी मुकं 'अ' जोडायचं हे कळतं.

जाता जाता: न्यायालयीन निकालात 'आताँद्यु क' (ज्याअर्थी) ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांच्या रांगा दिसतात. त्यातलं 'आताँद्यु' याच जातीचं भूतकृदंत. फ्रान्सच्या कूर द कासास्यों या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ही पद्धत सोडून साध्या वाक्यांत निकाल लिहायला सुरुवात केली. त्याआधीचे निकाल वाचायचे असतील तर ही रचना ओळखता आलीच पाहिजे. सरकारी आदेशांच्या माथ्यावरचं 'व्ह्यु ला ल्वा…' मात्र अजून तसंच आहे.

कर्ताकर्म:

पोथीवाचक यांच्या मुद्द्याला एक जोड, वापराच्या पातळीबद्दल. 'एताँ / एयाँ' चे स्वतंत्र तुकडे ही लेखी भाषा आहे. अहवाल, बातमी, कायदेशीर मजकूर, कथा-कादंबरी इथे ते शोभतात. समोरासमोर बोलताना 'ल दिरेक्तर एताँ आब्साँ' म्हटलं तर समजेल, पण नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटेल. बोलताना 'कॉम ल दिरेक्तर ए आब्साँ' म्हणतात. 'युन फ्वा' चा तुकडा दोन्हीकडे चालतो, म्हणून डेल्फ या फ्रेंच परीक्षेच्या बी२ पातळीच्या आसपास असलेल्यांनी आधी तोच हातात बसवावा. बोलीत आणखी एक सोय आहे: 'आव्हेक ल व्हाँ की सूफ्ल, अँपॉसीब्ल द दॉर्मीर', असा वारा सुटलाय, झोपणं शक्य नाही. लेखी औपचारिक मजकुरात ही सोय घेऊ नका.

गोठलेले तुकडे मात्र बोलण्यातही सतत येतात आणि ते सुटे सुटे पाठ करावे लागतात: 'सला दी' (असं असलं तरी), 'तू कोंत फे' (सगळा विचार करता), 'ल का एशेआँ' (तशी वेळ आली तर), 'ल मोमाँ व्हन्यु' (वेळ आल्यावर). 'ल ताँ ल पेर्मेताँ' (हवामानाने साथ दिली तर) मधला दुसरा 'ल' गाळू नका. तो कर्म आहे, 'ते करू देणं' यातला 'ते'. तो गेला की 'पेर्मेत्र' ला कर्मच उरत नाही.

अर्धविराम:

तीन वाक्यं तपासून मिळतील का?

क) इल एताँ मालाद, नू सॉम पार्ती साँ लुई. – तो आजारी असल्याने आम्ही त्याच्याशिवाय निघालो.
ख) ल रापॉर ल्यु, ल दिरेक्तर ल सिन्या. – अहवाल वाचून झाल्यावर संचालकांनी त्यावर सही केली.
ग) लेझँव्हिते माँझे, ला साल स व्हिदा. – पाहुणे जेवल्यावर दालन रिकामं झालं.

तळटीप:

क: 'इल एताँ' होत नाही, 'इल' ला पूर्ण क्रियापद लागतं. 'लुई एताँ मालाद' व्याकरणात बसेल, पण पुढे 'साँ लुई' असल्याने 'लुई' दोनदा कानावर आदळतो. 'कॉम इल एते मालाद, नू सॉम पार्ती साँ लुई' हेच लिहा. प्रत्येक 'असल्याने' साठी कृदंत शोधायची गरज नाही.

ख: बरोबर. 'ल रापॉर' पुढे कर्म म्हणून परत आला आहे आणि 'ल' म्हणजे काय याबद्दल शंका राहत नाही. वेळेवर भर हवा असेल तर आधी 'युन फ्वा' लावा.

ग: इथे 'ए' ची कसोटी लावा. 'लेझँव्हिते सों माँझे' ('सों' हे 'ए' चं अनेकवचन) म्हणजे पाहुणे खाल्ले गेले आहेत. 'माँझे' सकर्मक आहे, त्यामुळे नुसत्या भूतकृदंताचा अर्थ कर्मणी होतो आणि हे वाक्य पाहुण्यांना कुणीतरी खाल्लं असं सांगतं. जेवणारे पाहुणेच आहेत, म्हणून 'एयाँ' हवं: 'लेझँव्हिते एयाँ माँझे, ला साल स व्हिदा'. 'एयाँ' आल्यावर 'माँझे' ला अनेकवचनाचं मुकं अक्षर जोडायचं नाही, कारण आधी कर्म आलेलं नाही. नुसतं भूतकृदंतच ठेवायचं असेल तर कर्ता बदला: 'ल रपा तेर्मिने, ला साल स व्हिदा'.